सूचना : जंपिंगचे (अडथळ्यांवरून उड्या मारायच्या खेळाचे) घोडे आणि पोनी (लहान चणीचे घोडे) घेण्या-विकण्याबद्दल

मंडळी, ग्रुपवर सध्या घोडे विकायचे मेसेज भराभर पडतायत, चांगलंच आहे, पण नुसता उडी मारतानाचा फोटो टाकून काय कळणार? वय, उंची, जुनी दुखापत, सध्या किती उंचीच्या अडथळ्यांच्या कोर्सवर नियमित उतरतोय (एखाद्या वेळी मारलेली मोठी उडी नको) आणि घोड्याच्या पासपोर्टवरचा मायक्रोचिप नंबर त्याच्या अंगातल्या चिपशी जुळतो का, एवढं लिहाच.

पोनी तर उंची मापूनच टाका. एफईआयच्या (आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाच्या) नियमात नाल नसताना १४८ सेंमी आणि नालासकट १४९, त्याच्या वर गेला की पोनी क्लासमधे चालत नाही आणि घेणाऱ्या पोराचा हिरमोड होतो, पैसे अडकतात ते वेगळंच.

घेणाऱ्यांनी व्हेट (जनावरांचा डॉक्टर) आपला न्या, विकणाऱ्याचा नको. पाय दुमडून धरतात आणि सोडला की लगेच दुडकी चालवतात ती फ्लेक्शन टेस्ट करून घ्या, एक्स-रे काढा, रक्ताचा नमुना ठेवा, कारण पेनकिलर देऊन लंगडणं झाकता येतं. बघायला गेलात आणि घोडा आधीच खोगीर चढवून घामाघूम असेल तर परत एकदा जा, तबेल्यातून थंड अंगाने बाहेर येताना पहिली पावलं कशी टाकतो ते बघितल्याशिवाय टोकन देऊ नका.

पोरांसाठी तापट तरुण घोड्यापेक्षा १५ वर्षांचा शांत, अनुभवी पोनी केव्हाही चांगला, हे माझं ठाम मत आहे.

अपुऱ्या माहितीचे मेसेज यापुढे काढून टाकू. आणि घोडा विकला गेला की मेसेजखाली तसं लिहा, लोक उगाच फोन करत बसतात.