माझा १.४ कुठं गेला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकात ‘लर्निंग आउटकम’ची, म्हणजे शिकून लेकराला काय करता येतं ते आकड्यात मोजायची, बातमी वाचली आणि रात्रभर तेच डोक्यात फिरायलं, म्हणून लिहायलो.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी तासिका तत्त्वावर केमिस्ट्री शिकवतो. आउटकमला माझा विरोध नाही, उलट लेकराला शेवटी काय करता आलं हे विचारलंच पाहिजे. माझं दुखणं वेगळंय. मागच्या वर्षी टीवायच्या (शेवटच्या वर्षाच्या) पोरांना एकेकटं उभं करून टायट्रेशन करायला लावलं, म्हणजे ब्युरेट या नळ लावलेल्या, आकडे कोरलेल्या काचनळीतून थेंबथेंब द्रावण सोडून दुसऱ्या द्रावणातला पदार्थ किती ते काढायला. नळीत परमँगनेट गडद असतं म्हणून त्याच्या पातळीची वरची कड वाचतात, कॉस्टिक सोड्याची खालची. निम्म्याहून जास्त पोरांना हे माहीत नव्हतं. त्यांची चूक नाही हो, एफवायपासून पाच जणांत एक ब्युरेट, एक जण नळ फिरवतो आणि चौघं आकडे उतरवतात. पण प्रॅक्टिकलला मार्क सगळ्यांनाच भरपूर, आणि अटेनमेंट, म्हणजे आउटकम किती साधलं याचा आकडा, निघतं त्या मार्कांवरून, त्यामुळं ‘विद्यार्थी स्वतंत्रपणे टायट्रेशन करू शकतो’ याला ३ पैकी २.८!

मी जे डोळ्यानं पाहिलं त्यावरून १.४ टाकला, खाली कारण लिहिलं. वरिष्ठांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "सर, नॅक (कॉलेजला दर्जा देणारी तपासणी) तोंडावर आलंय, आकडा नीट करा." मी केला नाही. दुसऱ्या दिवशी शीटमध्ये २.८ होता, माझ्या नावासमोर.

तो १.४ राहिला असता तर त्याच कागदावर आम्हाला ब्युरेट मागता आल्या असत्या, बॅच लहान करा म्हणता आलं असतं. मोजायचं ते यासाठीच ना? २.८ लिहिल्यावर कोण काहून ब्युरेट देईल? नॅकही लर्निंग आउटकम विचारतंय, तिथं कमी आकडा आणि त्यावर काय केलं हे लिहायला लाज कशाची.

आणि आता म्हणे संवादकौशल्य, टीमवर्क असले अख्ख्या विद्यापीठाला लागू आउटकम पण मोजायचे. ते कोणत्या पेपरच्या मार्कांतून काढणार? लेकरांनी लिहिलेले दोन-दोन पानांचे रिपोर्ट घ्या, नाव झाका, दुसऱ्या विभागाच्या दोन मास्तरांना एकाच रुब्रिकवर (गुण द्यायच्या ठरलेल्या निकषांवर) तपासायला द्या, दोघांचे आकडे जुळतात का बघा. वेळ लागतो, पण मग खरं कळतं.

वेळेचं निघालंच तर सांगतो, या एक्सेल शीट भरायला सुट्टीचे रविवार गेले, तासिकेच्या बिलात त्यातला एक तास धरला नाही, आणि जे धरले त्याचं मानधनही कित्येक महिने थांबलेलं. घर कसं चालवायचं आम्ही?

या वर्षीची एफवायची बॅच आली, ब्युरेट तेवढ्याच आहेत.

कृपया नाव छापू नका, माझी पुढची नेमणुकीची ऑर्डर अजून निघायची आहे.

एक तासिका प्राध्यापक, मराठवाडा