पारा ओल्या कचऱ्यात नको, सुक्यातही नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुंबईतल्या कितीतरी घरांत औषधांच्या डब्यात पाऱ्याचा जुना थर्मामीटर अजून पडून असतो. तो फुटला की पहिला हात जातो झाडूकडे आणि तिथेच घात होतो. आत पारा असतो जेमतेम एक ग्रॅम, पण झाडूच्या फटकाऱ्याने त्याचे शेकडो कण होतात आणि तेवढी वाफ वाढते. ही वाफ दिसत नाही, तिला वासही नसतो. 20 अंशांच्या खोलीपेक्षा 30 अंशांच्या खोलीत पाऱ्याची वाफ दुपटीहून जास्त धरते, म्हणजे आपल्याकडे वर्षभर काळजी घ्यायलाच हवी. घरकामाच्या मावशींनाही हे आधी सांगून ठेवा, कारण केर त्याच काढतात.

आधी पंखा आणि एसी बंद करा. मुलांना बाहेर काढून आतलं दार लावा, खिडक्या उघडा. अंगठ्या-बांगड्या उतरवा, पारा सोन्याला लागला की पांढरा डाग पडतो. असा दागिना सोनाराकडे नेलात तर पारा लागल्याचं स्पष्ट सांगा, नाहीतर तो तापवेल आणि वाफ त्याच्या नाकात जाईल.

रबरी हातमोजे घालून काचा चिमट्याने उचला. जुन्या लग्नपत्रिकेच्या दोन जाड तुकड्यांनी गोळ्या एकत्र ढकला, सुई काढलेल्या सिरिंजने ओढून घ्या आणि थोडं पाणी घातलेल्या प्लास्टिकच्या बाटलीत सोडा. मग दिवा मालवून टॉर्च लादीलगत आडवा धरा. फरश्यांच्या सांध्यांत लपलेले कण चमकतात. ते चिकटपट्टीने टिपा. फटीत गंधकाची पूड भुरभुरा, पाऱ्याचं हळूहळू सल्फाइड होतं आणि वाफ रोखली जाते. मोजे, पट्ट्या, पत्रिकेचे तुकडे सगळं दुहेरी पिशवीत बांधा. खिडक्या दिवसभर उघड्या ठेवा. गादीवर सांडला असेल तर तेवढा भाग कापून काढा. पारा लागलेले कपडे वॉशिंग मशीनमध्ये घालू नका.

बेसिनमध्ये तर मुळीच ओतू नका. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड असल्याने खालच्या वाकड्या नळीतच बसून राहतो.

मुलाने थर्मामीटर चावला तर घाबरून ओकारी काढायला लावू नका. गिळलेला पारा बहुतेक शौचावाटे निघून जातो. खरी भीती काचेची. डॉक्टरांकडे न्या.

बीपीच्या जुन्या यंत्रात मात्र शंभर ग्रॅमच्या आसपास पारा असतो. तो सांडला तर स्वतः हात घालू नका. खोली बंद करून बाहेर पडा, जाणकारांना बोलवा. सीएफएलमध्ये, म्हणजे वीज वाचवणाऱ्या छोट्या ट्यूबसारख्या दिव्यात, काही मिलिग्रॅमच असतो, तरी फुटल्यावर पंधरा मिनिटं खोलीबाहेर थांबा आणि भुकटी ओल्या कागदाने टिपा.

राहता राहिला प्रश्न, पारा गोळा केलेली ही बाटली द्यायची कुणाला? 2016 च्या घनकचरा नियमांत फुटलेले पाऱ्याचे थर्मामीटर, सीएफएल आणि ट्यूबलाइट यांना 'घरगुती घातक कचरा' म्हटलं होतं. तो वेगळा ठेवायचा असतो. सोसायटीत मात्र डबे दोनच, ओला आणि सुका. सुक्यात टाकलेली ट्यूब गाडीत दाबली जाते आणि ती वाफ सफाई कामगाराच्या तोंडावर येते. म्हणून प्रत्येक सोसायटीने झाकणाचा तिसरा डबा ठेवावा, ट्यूबा जुन्या खोक्यात उभ्या ठेवाव्यात; आणि हा कचरा कोणत्या वारी, कुठे स्वीकारला जातो, याची पाटी महापालिकेने प्रत्येक वॉर्ड ऑफिसच्या दारात लावावी, ही विनंती.

आपला,
रसायनशास्त्राचा एक शिक्षक, मुलुंड