उत्क्रांतीत योगायोगाचाही वाटा

महोदय,

उत्क्रांतीविषयी जे लिहून येते, त्यात प्रत्येक गुणाचा काही ना काही उपयोग सांगितलेला असतो. जे टिकले ते उपयोगी होते म्हणूनच टिकले, असा सूर असतो. ही मांडणी अपुरी आहे आणि दुर्मीळ प्राणी वाचवताना ती घातकही ठरू शकते.

नैसर्गिक निवडीचे सामर्थ्य वादातीत आहे. गॅलापॅगसमधील डॅफ्नी मेजर बेटावर पीटर आणि रोझमेरी ग्रँट या जीवशास्त्रज्ञ दांपत्याने ते मोजून दाखवले. १९७७ च्या दुष्काळात बारीक, मऊ बिया संपल्या. टणक बिया फोडू शकणारे जाड चोचीचे फिंच पक्षी अधिक तगले आणि पुढच्या पिढीची सरासरी चोच जाड निघाली. दुष्काळामुळे एकाही पक्ष्याची चोच जाड झाली नव्हती, बदलले ते थव्यातले प्रमाण! गरज पाहून उत्परिवर्तन, म्हणजे जनुकातला बदल, होत नाही. पुढे १९८३ च्या अतिवृष्टीनंतर बारीक बिया मुबलक झाल्या आणि निवडीचा कल उलटला.

पण पॅसिफिकमधील पिंगलॅप बेटावर जे घडले, ते निवडीने उलगडत नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात वादळ आणि उपासमार यांतून तिथे वीसेक माणसे वाचली. त्यांच्यापैकी एकाकडे संपूर्ण रंगांधत्वाचे जनुक असावे. आज तिथल्या सुमारे ५ ते १० टक्के लोकांना रंग दिसत नाहीत, उन्हात डोळे उघडे ठेवणेही जड जाते. या जनुकाने कुणाचेच भले केलेले नाही. वाचलेल्यांत ते होते, एवढेच. हा जेनेटिक ड्रिफ्ट, म्हणजे निव्वळ योगायोगाने समूहातले जनुकांचे प्रमाण बदलणे. समूह जितका लहान, तितका त्याचा जोर अधिक.

लहान समूहाचा हा धोका प्राण्यांतही दिसतो. अमेरिकेतील फ्लोरिडा पँथर ही मोठी रानमांजरे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला वीस-तीसच उरले होते. वाकड्या शेपट्या, हृदयाचे दोष त्यांच्यात पसरले होते. १९९५ मध्ये टेक्सासमधून आठ माद्या आणून सोडल्या, बाहेरची जनुके मिसळली, दोष घटले आणि संख्या वाढली. उत्तरेकडील एलिफंट सील या समुद्री सस्तन प्राण्यांच्या नशिबी असा मिलाफ नव्हता. एकोणिसाव्या शतकाअखेर शिकारीने त्यांना मूठभरांवर आणले. आज ते लाखाहून अधिक आहेत, पण त्यांची जनुकीय विविधता अत्यंत तोकडी आहे.

म्हणून विनंती, एखादी प्रजाती ‘वाचली’ अशी बातमी देताना डोकी मोजून थांबू नये. त्यांच्यातली जनुकीय विविधता किती उरली, हेही तज्ज्ञांना विचारून छापावे.

– एक वाचक