औषधाआधी फवारणी

ओलोरोफिम या प्रायोगिक बुरशीविरोधी औषधावरील आपल्या अंकातील लेख वाचला. त्यातील आशावाद रास्त आहे, पण एक मुद्दा राहून गेला. ॲस्परजिलस ही बुरशी फुप्फुसाच्या ऊतींत शिरली की डॉक्टरांचा मुख्य भर ॲझोल गटातील औषधांवर असतो. याच गटातील रसायने पिकांवरही वर्षानुवर्षे फवारली गेली. त्यातून माती आणि कुजणाऱ्या पालापाचोळ्यात औषधाला दाद न देणारी बुरशी फोफावली. आयुष्यात कधी ॲझोलची गोळीही न घेतलेल्या रुग्णांत ती आता सापडते.

ओलोरोफिमची रीत निराळी आहे. डीएनए-आरएनएसाठी लागणारे पिरिमिडीन नावाचे घटक बनवणारे बुरशीचे एक विकर (एन्झाइम) ते रोखते. नेमके हेच विकर रोखणारे इप्फ्लुफेनोक्विन हे कृषी बुरशीनाशक मात्र अमेरिकेत २०२२ मध्येच नोंदले गेले! ओलोरोफिमला २०२३ मध्ये तेथील एफडीए या औषध नियामक संस्थेने मंजुरी न देता आणखी माहिती मागितली. म्हणजे रुग्णाआधी पिकाचा नंबर लागला. प्रयोगशाळेत तर एकाला सरावलेली ॲस्परजिलस दुसऱ्यालाही जुमानत नाही, असे दिसून आले आहे. शेतीची रसायने आणि माणसांची औषधे यांना परवानगी देणाऱ्या यंत्रणांनी निदान एकमेकींच्या फायली तरी उघडून पाहाव्यात.

जाता जाता : म्युकरमायकोसिसच्या बुरशीवर ओलोरोफिम चालत नाही. ‘सर्व बुरशींवर उतारा’ हा लेखातील उल्लेख दुरुस्त करावा.

– एक निवृत्त सूक्ष्मजीवशास्त्र शिक्षक