नानासाहेब मागे राहिले नव्हते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गोवा मुक्तिदिनाच्या पुरवणीतला लेख काल सकाळी वाचला. रात्री झोप लागेना, म्हणून आज हे पत्र. लेखकाने १९५५ च्या गोवा सत्याग्रहाला ‘भाबडा’ म्हटलं, ते एक वेळ सोडून देतो. पण ‘नेत्यांनी पोरं पुढे केली आणि स्वतः मागे राहिले’ हे वाक्य तुम्ही छापलंत कसं? ना. ग. ऊर्फ नानासाहेब गोरे यांचं नाव त्याच परिच्छेदात आहे!

१८ मे १९५५ ला गोव्याच्या हद्दीत शिरलेल्या पहिल्या तुकडीच्या पुढे नानासाहेब होते. वय ४७. सोबत सेनापती बापट होते, ते ७४ वर्षांचे. हातात काठीसुद्धा नाही. नानासाहेबांनी पोर्तुगीज पोलिसांचा मार खाल्ला, १० वर्षांची शिक्षा ऐकली आणि आग्वादच्या किल्ल्यात जाऊन पडले. सुटले ते १९५७ च्या फेब्रुवारीत. याला मागे राहणं म्हणायचं असेल तर पुढे जाणं म्हणजे काय, ते लेखकाने सांगावं.

माझे वडील त्या तुकडीत नव्हते. ते त्याच वर्षीच्या १५ ऑगस्टच्या सत्याग्रहातले. वय १९, पुण्यातल्या एका छापखान्यात खिळे जुळवायचे. गोवा विमोचन सहाय्यक समितीत नाव नोंदवलं, घरी आजीला फक्त ‘सावंतवाडीला जातो’ एवढंच सांगितलं आणि बांद्यापर्यंत गेले. पाऊस धो धो. कुणी मारलं तरी हात उचलायचा नाही, खाली वाकून दगड घ्यायचा नाही, एवढंच शिकवलेलं. पत्रादेवीला गोळीबार झाला. गोव्याच्या सीमेवर त्या एका दिवसात वीसहून अधिक माणसं गेली. वडिलांना गोळी लागली नाही, बंदुकीचा दस्ता लागला, डाव्या कानावर. ते चिखलात पडले, दोघांनी काखेत हात घालून त्यांना अलीकडे ओढून आणलं. तो कान पुढे कायमचा गेला.

आमच्या घरात वडिलांची जेवायची जागा ठरलेली होती, डावी बाजू भिंतीकडे. आई वाढायला नेहमी उजवीकडून यायची. शाळेत मार्क कमी पडले की मी मुद्दाम डाव्या बाजूला उभा राहून पुटपुटायचो. आज त्याची लाज वाटते.

स्वातंत्र्यसैनिकांच्या निवृत्तिवेतनासाठी त्यांनी अर्ज करावा असं आम्हीच सुचवलं. त्यांना पैसे नको होते, सरकारी शिक्क्याचा एक कागद हवा होता. मी सोबत गेलो होतो. टेबलापलीकडच्या साहेबांनी विचारलं, “शिक्षा किती झाली?” वडील म्हणाले, “शिक्षा नाही झाली, मार खाल्ला.” साहेब म्हणाले, “मग मार खाल्ल्याचा दाखला आणा.” वडिलांना ते नीट ऐकू आलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मला ते वाक्य त्यांच्या उजव्या कानाजवळ जाऊन पुन्हा बोलावं लागलं. त्यांनी अर्जाची घडी करून खिशात ठेवली. त्यानंतर तो विषय घरात निघाला नाही.

लेखात पुढे म्हटलंय की जे सत्याग्रहाला जमलं नाही ते १९६१ मध्ये सैन्याने दोन दिवसांत केलं. हे आम्ही आयुष्यभर ऐकत आलो. सैन्याचं ऋण आहेच, १९ डिसेंबरला वडील स्वतः पेढे घेऊन आले होते. पण पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार, त्याची राजवट निःशस्त्र माणसांवर गोळ्या झाडते, हे साऱ्या जगाला दिसलं ते कुणामुळे? शस्त्र न उचलता गोळीसमोर चालत जायला काय लागतं, हे आरामखुर्चीत बसून ठरवू नये.

आणि नानासाहेब काही फक्त गोव्यापुरते नव्हते. पर्वतीच्या मंदिरात दलितांना प्रवेश मिळावा म्हणून ते आपल्याच पुण्यातल्या सनातन्यांच्या विरोधात उभे राहिले. काँग्रेसमध्ये असतानाच १९३४ मध्ये काँग्रेस समाजवादी पक्ष उभा करणाऱ्यांत होते. आणीबाणी आली तेव्हा राज्यसभेत होते आणि तिथेही विरोधातच. असा माणूस ‘भाबडा’ कसा, मला तरी समजत नाही.

आणखी एक. लेखासोबत छापलेला फोटो नानासाहेबांचा आहे आणि खाली नाव एस. एम. जोशी यांचं. दोघेही पुण्याचे, दोघेही समाजवादी, म्हणून चेहरे एक होत नाहीत. तुमच्या कार्यालयात हे ओळखणारं कुणीच उरलं नाही का? माझ्या आईला मोतीबिंदू आहे, वय ८५. काल पेपर डोळ्यांजवळ धरून ती म्हणाली, “अरे, हे तर आपले गोरे.” दुरुस्ती सातव्या पानाच्या कोपऱ्यात दोन ओळींत छापू नका. फोटो पुन्हा छापा, त्याच पानावर, तेवढाच मोठा, खाली बरोबर नाव घालून. मला तो कापून आईला द्यायचा आहे.

आपला,
एक जुना वाचक
सदाशिव पेठ, पुणे