मॅडम, त्या पेल्याबद्दल
सप्रेम नमस्कार मॅडम,

तुमच्या निरोपाच्या दिवशी मी नेमका सिल्लोडला मका घेऊन गेलेलो. बदली झाल्याचं संध्याकाळी कळलं. फोनवर आभार मानायला जीभ वळत नाही, म्हणून चारचौघांत लिहितो. नव्या गावच्या लोकांनाही समजू दे, त्यांच्याकडे कोणत्या कृषी सहाय्यक आल्यात ते.

माझी दोन एकर. मक्याला खत म्हणजे युरिया, एवढंच आमचं शास्त्र. पाऊस पडला की बादली काखेत धरायची आणि फोकत सुटायचं, एकरी चार गोण्या. युरियाची गोणी २६६ रुपये ५० पैशांना, डीएपी या दुसऱ्या खताची १३५० ला. मग हात सैल कुठे सुटणार? वर दुकानदार कसलीशी बाटली गळ्यात मारायचा ती वेगळीच.

तुम्ही बांधावर बसून आधी माती तपासणीचा कागद मागितलात. तो रेशनकार्डाच्या पिशवीत तीन वर्षं पडून होता. तुम्ही जस्ताच्या रकान्यावर बोट ठेवलंत : ०.४. म्हणालात, ०.६ च्या खाली म्हणजे कमतरता. मग उभ्या मक्यात नेऊन कोवळ्या पानांवरचे पांढरट पट्टे दाखवलेत. मी ते उन्हानं झालं म्हणत होतो.

पुढच्या खरिपाला वहीच्या पाठकोऱ्या पानावर हिशेब मांडलात. हेक्टरी १२० किलो नत्र (नायट्रोजन), ६० स्फुरद (फॉस्फरस), ४० पालाश (पोटॅशियम). म्हणजे एकराला ४८, २४ आणि १६. पेरताना डीएपीची एक गोणी, पोटॅश खत २७ किलो, युरिया फक्त १५. महिन्यानं युरिया ३५ किलो, पुढे पंधरा दिवसांनी आणखी ३५. मी बेरीज दोनदा केली. ८५ किलो! ४५ किलोच्या दोन गोण्याही पुऱ्या होत नाहीत. मग माझ्या उरलेल्या दोन गोण्या जात कुठे होत्या, असं विचारलं तर तुम्ही आधी आभाळाकडे बोट केलंत, मग ओढ्याकडे. उघडा पडलेला युरिया वायू होऊन उडतो आणि मोठा पाऊस आला की वाहून जातो.

जस्तासाठी झिंक सल्फेट एकरी १० किलो, शेणखतात कालवून दिलं. डीएपीत मिसळू दिलं नाहीत, त्यातलं स्फुरद जस्ताला बांधून ठेवतं म्हणून. डीएपी दोन चाड्यांच्या पाभरीनं, म्हणजे बी आणि खत वेगवेगळं सोडणाऱ्या पेरणीच्या अवजारानं, बियाण्याच्या बाजूला आणि तीन बोटं खाली. बियाण्याला खत भिडलं की कोंब जळतो, हे मात्र मला स्वतःच्या नुकसानीतून माहीत होतं.

पण खरे आभार पेल्याचे. ३५ किलो एकरभर सारखं पडणार कसं? तुम्ही ओळी मोजायला लावल्यात. शंभर फुटांची ओळ, दोन ओळींत दोन फूट, एकराला सुमारे २१८ ओळी, म्हणजे ओळीला १६० ग्रॅम. किराणा दुकानाच्या काट्यावर आमच्या स्टीलच्या पेल्यात तेवढा युरिया तोललात आणि जिथवर भरला तिथे आतून खिळ्यानं ओरखडा मारलात. पेला नवा होता. घरात त्यावरून काय ऐकलं ते इथे लिहीत नाही.

पहिल्याच ओळीत अर्ध्यावर पेला रिकामा झाला. तुम्ही हसला नाहीत. "मूठ नको, तीन बोटांनी सोडा," म्हणालात. पाचव्या-सहाव्या ओळीला पेला बरोबर धुऱ्याशी संपला. मागून वाफशावर कोळपं चालत होतं, दाणा लगेच मातीआड.

उतारा वाढला, पण त्या साली पाऊसही वेळेवर होता, तेव्हा सगळं तुमच्या खात्यावर मांडत नाही. तुरा येईपर्यंत खालच्या पानांचा शेंड्याकडून शिरेनं आत सरकणारा पिवळेपणा दिसला नाही, कणसं टोकापर्यंत भरली आणि एकरी दोन गोण्या वाचल्या, हे मात्र तुमचंच.

पेला आता तीन घरं फिरून आलाय. परवा परत मिळाला तर आत दुसरा ओरखडा, पहिल्याच्या वर. शेजाऱ्याच्या ओळी दीडशे फुटांच्या आहेत.

आपला,
सिल्लोड तालुक्यातला एक मकावाला