दोष लाइनचा की सिग्नलिंगचा?

महोदय,

दवाखाने, शाळा, गृहनिर्माण संस्था यांचे फोन तासन्‌तास ‘एंगेज’ लागतात आणि खापर फुटते टेलिफोन कंपनीवर. पुष्कळदा लाइन ठणठणीत असते. बोलणाऱ्याने फोन ठेवला, हे कार्यालयातल्या ईपीएबीएक्सला (बाहेरच्या लाइन आतल्या फोनना जोडणाऱ्या यंत्राला) कळलेलेच नसते.

तांब्याच्या साध्या ट्रंकवर, म्हणजे एक्स्चेंजहून ईपीएबीएक्सपर्यंत येणाऱ्या लाइनवर, ‘लूप स्टार्ट’ सिग्नलिंग (इशारे देण्याची पद्धत) असते. ईपीएबीएक्सने दोन तारांचा लूप जोडला की एक्स्चेंजच्या ४८ व्होल्टच्या बॅटरीतून प्रवाह वाहतो आणि लाइन ताब्यात येते. बाहेरच्याने फोन ठेवल्याचा खात्रीचा इशारा मात्र या पद्धतीत नाही. ऑपरेटर असताना अडत नव्हते, माणूस रिसीव्हर ठेवतोच. ऑटो अटेंडंटला (आपोआप फोन उचलून संदेश ऐकवणाऱ्या सोयीला) एंगेज टोन ऐकूनच लाइन सोडावी लागते. आपला टोन ४०० हर्ट्‌झचा, पाऊण सेकंद चालू, पाऊण सेकंद बंद. अमेरिकेत ४८० आणि ६२० हर्ट्‌झ एकत्र, अर्धा-अर्धा सेकंद. आयात यंत्रात देशाची निवड चुकली की ट्रंक अडकून पडते. चाचणी सोपी: मोबाइलवरून फोन लावा, स्वागताचा संदेश सुरू होताच कट करा आणि ट्रंकचा दिवा पाहा. काही सेकंदांत विझला नाही, तर आधी टोनचे सेटिंग तपासा.

हॉटेलांत न उचललेल्या कॉलचेही बिल लागते, त्यामागे असाच प्रकार. पलीकडे फोन उचलला की एक्स्चेंजने लाइनची पोलॅरिटी (दोन तारांचे धन-ऋण) उलटवायची असते. ही सोय मागून घ्यावी लागते आणि यंत्रातही चालू करावी लागते; नाहीतर बिलिंग नुसत्या सेकंदांच्या अंदाजावर चालते.

आणखी एक. पायलट नंबरचे (अनेक लाइनींच्या सामाईक नंबरचे) हंटिंग, म्हणजे मोकळ्या लाइनचा शोध, पहिल्या लाइनपासून असेल, तर बाहेर जाणारे कॉल शेवटच्या लाइनपासून घ्यावेत. एकच लाइन दोन्हीकडून एकदम पकडली जाणे बरेच कमी होते.

पीआरआय या डिजिटल लाइनवर हा घोळ नाही. तिच्या ३२ टाइमस्लॉटपैकी (वेळेच्या कप्प्यांपैकी) ३० आवाजाचे, शून्य क्रमांकाचा सिंक्रोनायझेशनचा आणि १६ क्रमांकाचा सिग्नलिंगचा. कॉल तुटल्याचा संदेश स्वतंत्र येतो. फक्त ईपीएबीएक्सने क्लॉक (वेळेचा ताल) कंपनीच्या लाइनवरूनच घ्यावे, नाहीतर खटखट ऐकू येते आणि फॅक्स अर्ध्यात तुटतो. एसआयपी ट्रंकवर (इंटरनेट पद्धतीच्या फोनलाइनवर) आवाज एकाच बाजूने येत असेल, तर राउटरमधील ‘एसआयपी एएलजी’ (कॉलचे संदेश मध्येच बदलणारी सोय) बंद करून पाहावे. जी.७११ कोडेकला (आवाज डिजिटल करण्याच्या पद्धतीला) प्रत्येक कॉलमागे दोन्ही दिशांना प्रत्येकी १०० केबीपीएस इतका इंटरनेटचा वेग धरावा.

तरीही तांब्याची एक लाइन, पॉवर फेल ट्रान्सफरवर (वीज जाताच लाइन थेट फोनला जोडणाऱ्या सोयीवर) साधा फोन जोडून, ठेवावीच. वीज गेली तरी ती एक्स्चेंजच्या बॅटरीवर चालते.

– एक दूरध्वनी तंत्रज्ञ, पुणे